अक्काचा भटियार, सौंदडच्या धानात

शास्त्रीय संगीताच्या सीड्या स्वस्तात कुठे मिळतात, असं विचारणारी पत्रं मला अजूनही येतात. वर्षाला दोन. त्यातलं एक मीच स्वतःला पाठवत असेन, अशी बायकोला शंका आहे. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझा आजार ठाऊक आहेच: बंद पडत चाललेलं दुकान दिसलं की मी आत शिरतो आणि पिशवी भरून बाहेर येतो. गोंदियाची फेरी मात्र त्या आजारातली नव्हती.

माझी थोरली बहीण, अक्का, गोंदियात मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे नागपूरला आली, आणि पुढे घशाच्या शस्त्रक्रियेत तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती मोबाइलवर टंकते आणि पडदा आमच्या नाकासमोर धरते. टोमणे तेच आहेत, फक्त पोचायला वेळ लागतो. एकदा जेवताना तिने टंकलं, "बापू, माझा आवाज कसा होता रे?"

"गोड," मी म्हणालो.

"गोड काय, पेढा होता?"

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गात शब्द नित्य की अनित्य हा जुना वाद शिकवत होतो. मीमांसक म्हणतात, शब्द कायमच असतो, आपण फक्त त्याला प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, छे, उत्पन्न झाला आणि विरला. बोलता बोलता मी थांबलो. अक्काची वाक्यं मला आठवत होती, कुणाला काय सुनावलं तेही आठवत होतं. आवाज मात्र कुठेच नव्हता. छापलेलं पुस्तक आठवावं तशी ती मला आठवत होती.

घरात तिचं ध्वनिमुद्रण नाही. समारंभांत मोबाइल धरणारी तीच, आणि चित्रीकरण चालू असताना बोलायचं नाही ही तिची शिस्त. एकच आशा होती. गोंदियातल्या एका संगीत मंडळाने आपल्या सकाळच्या मैफलीचं मुद्रण करून घरच्या कॉम्प्युटरवर थोड्या सीड्या भरल्या होत्या आणि बाजारातल्या एका दुकानात विकायला ठेवल्या होत्या. त्या मैफलीत अक्का भटियार राग गायली होती. स्वतःच्या प्रती तिने विद्यार्थिनींना वाटल्या, मंडळ मोडलं, विद्यार्थिनी लग्न होऊन पांगल्या. त्यांतल्या एकीने फोनवर सांगितलं, "सर, दुकानात त्या शेवटपर्यंत पडूनच होत्या हो. कुणी घेतल्याच नाहीत." न विकलं गेलेलं संगीत हे माझंच क्षेत्र. निघालो.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नागपूरहून गोंदियाला भरपूर गाड्या आहेत, दोन-अडीच तास लागतात, आणि दिवसाच्या गाडीला आरक्षणाचा सोस करू नये. भंडारा मागे पडलं की दोन्ही बाजूंना धान सुरू होतं. मी गेलो ते दिवाळीआधी, धान पिवळं पडत असताना. डब्यात हिंदी, मराठी, छत्तीसगढी एकाच वाक्यात नांदत होत्या. स्टेशनबाहेर आलूबोंडा चांगला मिळतो; चटणी मागितली तर "किती पाहिजे" न विचारता ओततात.

दुकान अकराशिवाय उघडत नाही असं कळलं, म्हणून ऑटो करून नागऱ्याला गेलो. शिवाचं जुनं देऊळ आहे, शहरापासून जवळ. सकाळी तिथे मी आणि झाडू मारणाऱ्या एक आजी, एवढेच. आत जाऊन घंटा वाजवली आणि नाद संपेपर्यंत कान देऊन उभा राहिलो. नक्की कधी संपला ते कळलं नाही. "अजून वाजवा ना, फुकट हाये," आजी म्हणाल्या. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच.

दुकान सापडलं, पण आत मोबाइलची कव्हरं लटकत होती. गल्ल्यावरच्या सेठना सीडी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे, मी बैलगाडीचा आरा मागितल्यासारखं पाहिलं.

"गुरुजी, अब कौन सुनता है? कव्हर ले जाव. दो पे एक फ्री."

मी चिकटून राहिलो. शेवटी त्यांनी पायाने एक खोका पुढे ढकलला. "कंपनीवाला माल है. तीस का एक. पूरा लेना है तो भाव करो."

मी खोका उघडला. सगळं शास्त्रीय, पारदर्शक कागदसुद्धा न फाडलेलं. आणि तळाशी किराणा घराण्याच्या एका बुजुर्गांचा मारवा, ज्याच्यासाठी मी पुण्यामुंबईची दुकानं पालथी घातली होती. मी चेहरा शक्य तितका उदास ठेवला, भाव पाडला आणि खोका रिकामा केला. लगेच अक्काला कळवलं. तिने नाचणाऱ्या बाहुलीचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "मारवा मी आधी ऐकणार." भटियारबद्दल तिने काही विचारलं नाही. म्हणून मीच सेठना विचारलं: मंडळाच्या सीड्या? पिवळा गोल कागद, वर वीणा?

"वो? वो तो ईश्वर ले गया. हमारे यहाँ काम करता था, सौंदडवाला. बोरा भर के ले गया पुरानी सीडी. अब रायपुर में है."

"पोतंभर? ऐकायला?"

सेठ मनापासून हसले. "अरे नहीं गुरुजी. खेत में टाँगने को. चिड़िया भगाने को."

त्यांनी ईश्वरच्या आईचं नाव सांगितलं, वंदनाबाई. रात्र स्टेशनजवळच्या लॉजवर काढली. लॉज स्वस्त आहे, त्याचं कारण आत गेल्यावर कळतं. सकाळी बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरली. या मार्गावर गाड्या थोड्या आहेत, परतीची वेळ आधी विचारून ठेवा. एखादी चुकली तर सौंदडच्या फलाटावर चिंतनाला वाव भरपूर आहे.

वंदनाबाईंचं शेत शोधावं लागलं नाही, ते दुरूनच चमकत होतं. धानाच्या चौकोनी वाफ्याला इकडे बांधी म्हणतात. तशा चार बांध्यांवर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, आणि दोरीदोरीला सीड्या. वाऱ्याने गरगरत होत्या. उन्हाचे कवडसे पिकावरून पळत होते आणि पाखरांचा थवा कडेच्या बाभळीवर बसून सभा भरवत होता. खरं सांगतो, सुंदर दिसत होतं.

वंदनाबाई बांधावर उभ्या होत्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात विळा. मी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"गाण्याची शीडी?" त्या म्हणाल्या. "पाहून घ्या न जी. मले का समजते त्यातलं? धान नका तुडवजा फक्त."

मी बांधावरून दोरीखालून चालत, एकेक चकती थांबवून वाचत निघालो. कॉम्प्युटर शिका. कुणाच्या तरी लग्नाचा भाग दुसरा. व्हायरस घालवणारी. भजनं. पुन्हा लग्न. मागून वंदनाबाईंचा आवाज आला, "गुरुजी, थांबा तिथंच! माह्या शीड्यांपक्षा पाखरं तुमालेच जास्त भेऊन राहिले!"

तिसऱ्या बांधीत सापडली. पिवळा कागद पांढरा पडला होता, वीणेच्या तारा गेल्या होत्या, पण अक्काचं नाव आणि खाली "भटियार" एवढं वाचता येत होतं. एकच होती. बाकीच्या वादळात उडून बोडीत गेल्या, असं वंदनाबाई म्हणाल्या. बोडी म्हणजे शेजारचं छोटं तळं. मी चकती उन्हासमोर धरली. सूर्य पलीकडून आरपार दिसला.

इथे थोडं शास्त्र. कंपनीच्या सीडीत गाणं दाबून उमटवलेलं असतं. घरी भरलेल्या सीडीत ते रंगाच्या पातळ थरात असतं, आणि तो रंग ऊन खातं.

"ही कधीपासून इथे आहे?"

"मागल्या सालीबी होती. त्याच्या आंधीच्या सालीबी."

मी म्हणालो, मला ही एवढी द्या, पैसे देतो. त्यांनी मान हलवली.

"पैशाले का पाखरं भेतात? धान कापून होऊ द्या, मग सगळ्या घेऊन जा, फुकट."

"पण उन्हात खराब होईल हो."

"दोन साल ऊन खाऊन राहिली ते, आता आठ-दहा दिवसानं का होते?"

याला न्यायशास्त्रात उत्तर नाही. मी सांगितलं की बहिणीचा आवाज आहे त्यात, आणि आता तिला आवाज नाही. वंदनाबाईंनी विळा बांधावर ठेवला.

"मेली का जी?"

"नाही, नाही. आहे. बोलता येत नाही."

"हाये न?" त्या म्हणाल्या. "मंग काऊन असे रडून राहिले?" मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट केलं. "त्यात चमकनारं हाये का?"

होतं. मी पारदर्शक कागद फाडले. वंदनाबाईंनी मारवा उन्हात फिरवून पाहिला आणि पसंतीने मान हलवली. "हे चांगली हाये. एकाच्या बदल्यात दोन द्या." मी दोन काढल्या. "तीन द्या. तुमाले गरज हाये, मले नाही." तीन दिल्या. "आता सगळ्याच द्या न जी, त्या कोपऱ्यात पोपट लई येतात."

जन्मभर दुकानदारांना भाव पाडायला लावणारा माणूस मी. सगळ्या दिल्या. दोरीत मीच ओवल्या. मारव्याच्या भोकातून सुतळी नेली, गाठ मारली, सोडला. तो गरगरला आणि बाभळीवरचा थवा उठून शेजारच्याच्या शेतात गेला. "पाहा!" वंदनाबाई खूश झाल्या. घरी नेऊन भात, लाखोरीची डाळ आणि मिरचीचा ठेचा वाढला. भाताला जो वास होता तो शहरात विकत मिळत नाही. पैसे काढले तर म्हणाल्या, "बहिनीले सांगजा, तिची शीडी लई चांगली होती. त्या बांधीत पाखरू नाही उतरलं."

मी घरी पोचलो तेव्हा अक्का दारातच होती. माझ्या कॉम्प्युटरने चकती आत घेतली, थोडा वेळ घरघरला आणि रिकामी आहे म्हणाला. जुन्या प्लेअरनेही तेच केलं. सीताबर्डीतल्या दुरुस्तीवाल्याने ती दिव्यासमोर धरली आणि परत दिली.

तर वाचकहो, गोंदियाला जावं का? जावं. धान पिवळं असताना जावं, सौंदडला उतरावं. सीड्या घ्यायला जाणार असाल तर खोका मी रिकामा केला आहे, आणि तो माल ज्या दुकानात ठेवून आलो तिथे गिऱ्हाइकाला उतरू देत नाहीत. शब्द नित्य की अनित्य हा वाद माझ्यापुरता मिटला. नैयायिक जिंकले. वर्गात मात्र दोन्ही बाजू शिकवाव्याच लागतात.

अक्काने चकती हातात घेतली. खिडकीशी नेली, तिच्यातून समोरची गच्ची पाहिली. मग टंकलं, "बदल्यात काय दिलंस?"

मी सांगितलं.

"मारवासुद्धा?"

"मारवासुद्धा."

"गाढव." थोड्या वेळाने पडदा पुन्हा पुढे आला. "पाखरं तरी घाबरायची का मला?"

वंदनाबाईंचा निरोप मी शब्दशः सांगितला. त्या बांधीत पाखरू उतरलं नाही.

अक्का हसली. डोळे मिटून, पोट धरून, खांदे गदगदत हसली. खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि तिचं जुनं हसणं कसं असेल ते त्या हलणाऱ्या खांद्यांवर एकेक बसवून पाहिलं. एकही बसलं नाही.