दोन घरगाड्यांमधलं बोलणं

आमच्या घराला एक सोडून दोन घरगाड्या बांधाव्या लागल्या, याचं कारण माझे सासरे आणि चुलत सासरे एका छपराखाली बसत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कोणाला अडणार नाही.

सासूबाई आणि चुलत सासूबाई सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या. दोघींना एकदा समुद्र बघायचा होता. थोरलीचे गुडघे गेलेले, धाकटीला साखरेचा त्रास. दोघींनाही संडास हाकेच्या अंतरावर लागतो, आणि लॉजच्या जिन्यांचं नाव काढलं की दोघी हात जोडतात. आखाडा बाळापूर या गावी रस्त्याला लागून माझ्या नवऱ्याचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना आहे. तो म्हणाला, "मंग घरच घेऊन जाऊ की." एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात झोपायच्या फळ्या, शेगडी, मोरी, संडास असं सगळं बसवलं. सहा माणसं आरामात मावली असती. पण दोघे भाऊ एका गाडीत बसणार कसे? शेवटी शाळेची मोडीत निघालेली एक मिनीबस आणून तिचंही घर केलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्याकडे रागालाही नव्हतं.

हा अबोला सोळा-सतरा वर्षांचा. सासऱ्यांनी शेतातल्या विहिरीवर चार माणसांसमोर शपथ घेतली होती की ह्याचं तोंड बघणार न्हाई. भांडण मोटारीच्या पाण्याच्या पाळीवरून झालं असं आम्हाला सांगितलं गेलं, आणि आम्ही ते मानलं, कारण पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडे डोकी फुटलेली आहेत. तेव्हापासून लग्नकार्यात दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवतात. वाटेत गाठ पडली तर सासरे रस्त्याकडेच्या बाभळीकडे बघत उभे राहतात. निरोप द्यायचाच झाला तर मध्ये तिसरं माणूस लागतं, आणि ते बहुतेक वेळा मी असते. "मास्तरीण, त्याला सांग, त्याचं वासरू हळदीत शिरून राहिलंय." तो म्हणजे काका, आणि ते चार हातांवर उभे असत. मग मी त्यांच्याकडे वळून वासराचं सांगायचं. शाळेत पोरांना ध्वनी कसा प्रवास करतो ते शिकवायचं आणि घरी येऊन हे करायचं, माझी मलाच कीव यायची.

दोघांत मला काका आवडत. कारखान्यावर येताना खिशात पेरू नाहीतर बोरं असायची, हसून बोलायचे, माझ्या हातचा चहा झाला की "आमची मास्तरीण" म्हणून कौतुक करायचे. सासरे म्हणजे वाळलेला फणस. आम्हाला मूल झालं नाही. हे एका ओळीत लिहिता येतं, पण त्यात माझी दहा-बारा वर्षं गेली. नांदेडचे डॉक्टर झाले, औंढ्याचे सोमवार झाले, कोणी सांगेल तो उपास झाला. त्या काळात सासरे एकदाच काय ते बोलले, तेही माझ्याशी नाही, सासूबाईंशी: "हिचे उपास बंद कर. शाळेत चक्कर येऊन पडली तर लोक आपल्या नावानं बोंब मारतील." यांना सुनेपेक्षा लोक मोठे, असं मी तेव्हा मनात धरलं. पुढे कितीही चांगलं जेवण वाढलं तरी त्या माणसाकडे मी नीट बघितलं नाही.

तर घरगाड्या झाल्या. दोन गाड्या एकामागोमाग चालणार, घाटात फोनला रेंज नसते, चुकामूक झाली तर दोन म्हाताऱ्या दोन दिशांना. म्हणून माझ्या दिराने, म्हणजे काकांच्या मुलाने, गाडीत बसवायचे, एकमेकांशी बोलता येणारे तीन रेडिओ मागवले. हा कमी ताकदीचा रेडिओ, त्याला परवाना लागत नाही. दोन घरगाड्यांना दोन, आणि तिसरा पुढे रस्ता बघत जाणाऱ्या आमच्या जीपला. विज्ञान शिकवते म्हणून वायरी माझ्या गळ्यात पडल्या.

सोपं वाटलं होतं, निघालं किचकट. बॅटरीपासून थेट वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, माइक अडकवायला स्टिअरिंगजवळ आकडा ठोकला, छतावर माणसाच्या उंचीची एरियलची काठी उभी केली. तरी आवाज रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंतसुद्धा जाईना. गाडीचं छत फायबरचं, आणि त्या काठीला पायाखाली लोखंड लागतं, हे मला दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. नवऱ्याने पत्र्याचा मोठा तुकडा कापून काठीखाली बसवला, मग मापायच्या मीटरचा काटा खाली आला आणि आवाज लांब जायला लागला. मिनीबसमध्ये फ्रीजचा इन्व्हर्टर लावला की रेडिओ डासांच्या थव्यासारखा गुणगुणायचा, म्हणून त्याची वायर दुसऱ्या बाजूने फिरवली. एक बटण फिरवून नुसती खरखर बंद करता येते, तेही जमलं.

मग दोघा म्हाताऱ्यांची शिकवणी. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. सासरे ट्रॅव्हलरमध्ये, काका मिनीबसमध्ये, गाड्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. सासऱ्यांनी माइक तोंडाशी धरला, बटण दाबलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मला म्हणाले, "मास्तरीण, त्याला इचार, ऐकू येऊन राहिलं का." मिनीबसमधून काकांचा आवाज आला, "मास्तरीण, दादाला सांग, येऊन राहिलं." सगळ्यांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. सासरे काही हसले नाहीत.

दुपारी नवरा आणि दीर गॅसची नळी आणायला मोटारसायकलवर हिंगोलीला गेले. दोघी बहिणी घरी प्रवासासाठी धपाटी करत होत्या. मी जीपमध्ये बसून तिसरा रेडिओ नीट लावत होते. म्हातारे आपापल्या गाडीत पडले असतील असं मला वाटलं.

रेडिओतून काकांचा आवाज आला. "दादा, ऐकून राहिला का?"

माझा हात होता तिथेच राहिला. खरखर झाली, मग सासरे बोलले. "ऐकून राहिलो. बटण सोड, तवा मला बोलता येतंय."

सोळा-सतरा वर्षांनी हा माणूस भावाला उत्तर देत होता, आणि तेही बटणाचे नियम शिकवत. काकांनी शपथेचं काय म्हणून विचारलं. सासरे म्हणाले, "तोंड बघणार न्हाई म्हणलो व्हतो. हितं कुठं तोंड दिसून राहिलंय?" मला इतका आनंद झाला की खाली उतरून दोघी बहिणींना ओढत आणावं असं वाटलं. एक पाय जीपबाहेर काढलाही होता.

"दादा, मला मास्तरणीला सांगून टाकायचंय," काका म्हणाले. "तिच्या हातचा चहा घेतो अन् गळ्याखाली उतरत न्हाई."

"काय सांगशील? तुझ्यावर सवत आणायला निघालो व्हतो, असं सांगशील?"

मी पाय आत घेतला.

काका बराच वेळ बोलत होते. वाईट बुद्धीनं केलं नव्हतं, पोरगी गरिबाघरची होती, दोघी मिळून नांदल्या असत्या, घराला लेकरू मिळालं असतं, कायदा काही म्हणो, आपल्याकडं अशी चार घरं आहेत. प्रत्येक शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता. एरियल मीच लावलेली होती. पेरू देणारा हा माणूस माझ्यासाठी सवत बघून आला होता, आणि पाण्याची पाळी वगैरे काही नव्हतंच. भांडण माझ्यावरून झालं होतं.

"गावाचं मला सांगू नको," सासरे म्हणाले. "त्या पोरीनं आपलं काय घोडं मारलं व्हतं?"

"पर दादा, तुझं पोरगं तर हो म्हणलं व्हतं. मी त्याच्या मनाविरुद्ध काई केलं न्हाई."

मी वाट बघत होते की सासरे म्हणतील, खोटं आहे, माझं पोरगं असं म्हणणार नाही. रेडिओ खरखरला.

"पोरगं हो म्हणलं, म्हणूनच तर मला न्हाई म्हणावं लागलं. त्यानं न्हाई म्हणलं असतं तर मी काहून तुझ्यासंगं वैर धरलं असतं?"

मला राग आवरत नाही, हे आमच्या शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मात्र राग आलाच नाही. नुसता धक्का, डोक्यात काही राहिलंच नाही असा. नवरा म्हणजे माझ्याशी चढा आवाज न केलेला माणूस. डॉक्टरच्या बाहेर माझी पर्स धरून बसणारा. तो हो म्हणाला होता. मी माइक काढला, बटण दाबलं.

"मामा, काका, जीपमधला रेडिओपण चालू आहे. मी ऐकतेय."

मग दोन्ही गाड्यांची दारं एकदम उघडली आणि दोघे म्हातारे घाईघाईने उतरून माझ्याकडे निघाले, ते जीपसमोर एकमेकांपुढेच येऊन उभे राहिले. बघायला बाभळ नव्हती. काका तिथेच मिनीबसच्या पायरीवर बसले आणि त्यांनी उपरण्यात तोंड घातलं.

"फोनवानी न्हाई का हे?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"नाही मामा. ज्याच्याकडं यंत्र असतं त्या सगळ्यांना ऐकू येतं." सगळं शिकवलं होतं, एवढं सांगायचं राहिलं होतं.

"तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तुझ्या नवऱ्यानं मान हलवली, हे सांगू? मंग तू ह्या घरात राहिली असतीस व्हय?" मग ते भावाकडे वळले, सरळ त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बसून काय राहिला? तिला पाणी आण."

काका उठले आणि पाणी घेऊन आले. मी ते प्यायले. काकांकडे बघवत नव्हतं आणि सासऱ्यांकडे बघायची लाज वाटत होती, म्हणून तांब्याकडे बघत बसले. दोघी बहिणींना यातलं किती माहीत होतं, हे मी अजूनही विचारलेलं नाही.

उन्हं कलायच्या आत नवरा आणि दीर परत आले. बाप आणि चुलता एका बाकड्यावर बसलेले बघून नवरा गाडी स्टँडला लावायची विसरला. "हे कसं काय झालं?" म्हणून हसायलाच लागला, दिराला म्हणाला, "चल, आता एकच गाडी नेऊ." तो नळी घेऊन मिनीबसमध्ये शिरला, शेगडीखाली वाकला, आणि मी त्याच्या मागोमाग आत गेले.

"काकांनी दुसरी मुलगी बघितली तेव्हा तुम्ही हो म्हणाला होतात?"

पाना त्याच्या हातात होता. कोणी सांगितलं, कधीचं, कसलं, असं काही त्याने विचारलं नाही.

"व्हय," तो म्हणाला.

तो नाही म्हणाला असता तर मी ते मानलं असतं. म्हाताऱ्यांचा काही घोळ झाला असेल, अशी स्वतःची समजूत काढायला माझं मन तयार होऊन बसलं होतं. त्याला खोटं बोलायला सगळी वाट मोकळी होती. मग मला रडू फुटलं आणि रडता रडता मी भांडायला लागले. म्हटलं, माझ्या आयुष्याचं ठरवत होतात, मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?

"इचारणार व्हतो," तो खाली बघत म्हणाला. "तू न्हाई म्हणशील असं वाटलंच न्हाई मला. बाबांनीच इचारू दिलं न्हाई. म्हणले, तिला इचारशील तर ती हो म्हणंल, अन् मंग मला तिला वाचवता यायचं न्हाई."

त्या वर्षांतली मी मला आठवले. सोमवारचा उपास, शाळेच्या जिन्यावर धरलेला कठडा, बारशाच्या घरात मागच्या दाराने जाणारी, कोणी काही मागायच्या आधीच माफी मागणारी. त्या बाईला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. वर त्या मुलीसाठी लग्नाची साडी निवडायला स्वतः हिंगोलीच्या बाजारात गेली असती.