मन्मथकाकांनी स्वतःविरुद्ध दिलेली दरखास्त

सकाळी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसले होते, तेव्हा शरणचा फोन आला. शरण माझा चुलत भाऊ, मन्मथकाकांचा थोरला मुलगा. "आक्का, अप्पा गेले," एवढंच म्हणाला. चाकूरच्या अलीकडे आमचं गाव. पोचेपर्यंत दुपार झाली. आमच्या रिवाजाप्रमाणे काकांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात हार. बसलेला माणूस गेलेला वाटत नाही. मला वाटलं, आता खेकसतील, "एवढा उशीर का गं?" आठवड्याभरानं गावच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर लिहिलं होतं, 'मितभाषी, मनमिळाऊ, आयुष्यात कुणाचं मन न दुखावलेले'. फोटो तेवढा काकांचा होता, बाकी सगळं दुसऱ्याच कुणाचं. आज पाच आठवडे झाले आणि तो फलक माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. माझ्या काकांनी अख्ख्या गावाचं मन दुखावलं होतं आणि मला त्याचा अभिमान आहे.

काकांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, घमेली, दोरखंड. दोर विकताना त्याचं एक टोक पायाखाली धरून दुसरं असं ओढत की गिऱ्हाईकच घाबरून म्हणे, "राहू द्या अप्पा, पक्का हाय!" तोंड फटकळ, राग नाकावर. पण सोमवारी संध्याकाळी हाच माणूस वेगळा असे. आम्ही लिंगायत. आमचा देव देवळात असतो तसा गळ्यातही असतो, चांदीच्या डबीत. ते इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन जिथं असू तिथं पूजा करायची. दर सोमवारी काकांच्या पुढच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं जमत. पूजा, भजन, मग प्रसादाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्यांच्याच घरी राहून शिकत होते. हुग्गी वाढायचं काम माझं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादची खेप चुकली म्हणून लोक खूश होते, आणि नव्या नवरीसारखं सगळ्यांना नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक. जो तो अर्ज, ठराव, निवेदनं लिहीत सुटला होता. त्यात पाऊस रुसला. विहिरींनी तळ दाखवला, बायका खडी फोडायच्या कामावर जाऊ लागल्या, गल्लीत आठवड्याला दोनदा टँकर यायचा आणि टँकरपाशी घागरींच्या आधी माणसं एकमेकांवर आदळायची. माणसाला तहान लागली की त्याला दुसऱ्याचं सगळंच सलायला लागतं, हे मी त्या वर्षी पाहिलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला रूतबाई राहायच्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्स, माहेर किनवटकडचं, धर्म ख्रिस्ती. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली होती. शरण पायाळू होता, तोही त्यांच्याच हातून सुखरूप आला. दर गुरुवारी त्यांच्या दोन खोल्यांत पंधरा-सोळा माणसं प्रार्थनेला जमत. काही गावातली, काही वाडीवरून चालत येणारी. पेटी नाही, भोंगा नाही. शेजारच्या घरात पोळ्या लाटल्याचा आवाज त्याहून मोठा असे.

एक दिवस सरपंचांचा माणूस दुकानात कागद घेऊन आला. "टँकरच्या गर्दीबद्दल हाय अप्पा, सही द्या." आमच्या गावात सह्यांचा कागद वाचायची पद्धत नव्हती. वर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघायचं. मानकऱ्यांच्या असल्या की त्यांच्याखाली आपली करायची. वाचत बसलं तर आणणाऱ्याचा अपमान. काकांनी सही केली आणि पुन्हा दोर मोजायला लागले. दोर ओढून बघणाऱ्या माणसानं कागद ओढून बघितला नाही.

महिन्याभरानं रूतबाई दुकानात आल्या. हातात नोटीस. घरात देवाच्या नावानं दहापेक्षा जास्त माणसं जमवायची असतील तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी, असा ठराव झाला होता आणि तो मोडल्याबद्दल ही नोटीस. मागं ज्या अर्जावरून ठराव झाला त्याची नक्कल जोडलेली. पहिल्या पानावर टँकर होता. दुसऱ्या पानावर रूतबाईंचा गुरुवार होता.

"अप्पा, नोटीस येणारच हुती," रूतबाई म्हणाल्या. "पण खाली तुमचं नाव दिसलं, म्हणून आले. काही तरास होत हुता तर मला तोंडावर सांगायचं... शरणच्या वेळेला तुम्ही माझ्यापुढं रडला हुता. माझ्यापुढं कशाची लाज?"

काकांनी नक्कल घेतली, उलटसुलट पाहिली. "बाई, म्या वाचलं न्हाई," एवढंच म्हणाले. रूतबाई "बरं" म्हणून गेल्या. त्या 'बरं'नं काकांचं अन्नपाणी तुटलं.

दुसऱ्या दिवशी ते तडक पंचायतीत गेले. मीही पाठोपाठ गेले, कारण काकूनं मला बजावून पाठवलं होतं, "बघ गं, कुणाला मारतील बिरतील." काका म्हणाले, "माझी सही काढा." सरपंच म्हणाले, "ठराव मंजूर झालाय अप्पा, आता सही काढून काय करता? अन् नियम सगळ्यांला हाय."

"सगळ्यांला? माझ्या घरी सोमवारी पंचवीस माणसं बसून राहिलीत. मला कुठं हाय नोटीस?"

सरपंच हसले. वाईट माणूस नव्हता तो. हसणंही प्रेमाचंच होतं. "तुमचं वेगळं हाय अप्पा. तुमचं आपलं हाय."

आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं भणभणतं. काका मात्र ओरडले नाहीत. घरी आले, मला समोर बसवलं आणि म्हणाले, "दरखास्त लिही." मी लिहिलं: मी दर सोमवारी राहत्या घरात दहापेक्षा जास्त माणसं जमवून पूजा करतो. परवानगी घेतलेली नाही, घेणारही नाही. तरी माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई व्हावी ही नम्र विनंती. "नम्र कशाला?" काका म्हणाले. "नुसती विनंती ठेव." मग तो कागद मला तीनदा मोठ्यानं वाचायला लावला आणि तेव्हा कुठं सही केली. एक प्रत पंचायतीला, एक तहसीलला. तिसरी स्वतः एसटीनं लातूरला नेऊन नव्या जिल्ह्याच्या कचेरीत दिली आणि पोच घेऊन आले.

पंचायतीनं त्यांना चार दिवसांत परवानगीच पाठवून दिली. शिक्का, सही, सगळं तयार. 'प्रार्थनास्थळ' या रकान्यात 'राहते घर' लिहिलेलं. काका तो कागद घेऊन पुन्हा पंचायतीत. "माझं प्रार्थनास्थळ गळ्यात हाय. दुकानात, रानात, एसटीत घेऊन हिंडतो. कुठंकुठं परवानगी काढू? अन् म्या मागितली न्हाई तर दिली कशी? ती बाई नोटीस आल्यापासून मागून राहिली, तिला कशी दिली न्हाई?" कागद टेबलावर ठेवून आले.

मग गावाचं मन दुखावलं. आमच्याच समाजाचं आधी. सोमवारची माणसं पंचवीसवरून सहावर आली, त्यातले दोघं हुग्गीसाठी येत असावेत. माझे वडील, काकांचे सख्खे भाऊ, "दुसऱ्याच्या देवापायी आपला समाज तोडतो" म्हणून बोलेनासे झाले. काकूही कुरकुरली. "आपली सही चुकली, माफी मागितली, झालं की आता!" काका म्हणाले, "माफीनं तिचा गुरुवार येतो का माघारी?"

कारण रूतबाईंनी प्रार्थना बंद केली होती. नोकरी सरकारी, एकट्या बाई, पदरात एक मुलगा. तक्रार वरपर्यंत गेली तर काय करणार? काका त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "माझी पुढली खोली घ्या. गुन्हा माझ्या घरात होईल." रूतबाई दोन आठवडे नाहीच म्हणाल्या. तिसऱ्या गुरुवारी आल्या, सोबत अकरा माणसं. ती सगळी काकांच्या सतरंजीवर बसली आणि गाऊ लागली. काका कोपऱ्यात तळहातावर लिंग घेऊन आपली पूजा करत बसले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर तोंडाशी. तेवढ्यात पोलीस ठाण्याचा जमादार आला. कुणीतरी धाडलाच होता.

"अप्पा, कुणाचा कार्यक्रम हाय हा?"

"माझे पाहुणे हायत."

"दहाच्या वर दिसून राहिलेत."

"मग मोजा," काका म्हणाले. तळहातावरचं पाणी कलंडलं, पण आवाज तसाच. "माझं नाव पहिलं लिहा. बाईचं लिहू नका, ती माझ्या बोलावण्यावरून आली." जमादार घुटमळला. तेव्हा काकू, जी महिनाभर कुरकुरत होती, पुढं आली आणि म्हणाली, "दुसरं माझं लिहा." जमादारानं दोन नावं लिहिली, पाणी मागितलं नाही आणि गेला.

पुढं काय झालं विचाराल, तर फारसं काही नाही. तहसीलमधून पंचायतीला पत्र आलं, हा ठराव कोणत्या नियमाखाली केला ते कळवावे. तो नियम कुणाला सापडला नाही. नोटिसा तशाच राहिल्या, कुणी मागं घेतल्या नाहीत, कुणी चुकलं म्हणालं नाही. रूतबाईंचा गुरुवार दीड वर्ष काकांच्या खोलीत भरला आणि मग त्यांची किनवटकडे बदली झाली. नेहमीची की कुणी करवलेली, कळलं नाही. सोमवारची माणसं हळूहळू परतली. वडील मात्र चार वर्षं बोलले नाहीत... आणि काका? ते शेवटपर्यंत म्हणत, "दरखास्त सगळ्यांला आठवते, माझी सही कुणाला आठवत न्हाई. मला तीच आठवते." मी कितीदा म्हटलं असेल, काका, सोडा आता. त्यांनी नाही सोडलं.

गेल्या आठवड्यात घरच्यांनी त्यांच्या आठवणीसाठी त्याच पुढच्या खोलीत बैठक ठेवली. खोली भरून ओटीवर माणसं. रूतबाई मुलाच्या हाताला धरून किनवटहून आल्या, आता ऐंशीच्या घरात, पाठ पार वाकलेली. त्या काकूजवळ बसल्या. मग रूतबाई म्हणाल्या, "वैनी, अप्पांसाठी प्रार्थना करायची मनात हाय. करू का?"

काकूनं मान हलवायच्या आत जुन्या सरपंचांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "करा की बाई, आमची परवानगी हाय तुम्हाला." चांगल्या मनानंच म्हणाला बिचारा.

काकूनं त्याच्याकडं पाहिलं. काका गेल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"तू कोण रे देणारा? ह्या खोलीत परवानगी कुणी मागत न्हाई, अन् कुणी देत न्हाई. बाई, तुम्ही म्हणा."

रूतबाईंनी डोळे मिटले. प्रार्थना बरीच लांबली. कुणीही उठलं नाही.