वसंत वाचनोत्सव, सर्व वयोगटांसाठी

वाचनालयात पुस्तकांची दरवर्षी झडती होते. हरवलेलं, फाटलेलं, वाळवीने खाल्लेलं पुस्तक रीतसर ठराव करून बाद करता येतं. किश्शांची तशी सोय नाही. लोक ते घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी थोडे जाड करून परत आणतात. लालबागच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे, पण माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच वसंत ऋतूतले आहेत. दोष ऋतूचा नाही, कार्यकारिणीचा आहे.

सुरुवात झाली ती आमचे अध्यक्ष पालव साहेब यांच्यापासून. त्यांना बालविभागाची खोली खुपायला लागली होती. तिथे एसी हॉल काढायचा, बारशी-साखरपुड्यांना द्यायचा, असा त्यांचा बेत. त्या खोलीतल्या बुटक्या खुर्च्यांना लाल रंग मी स्वतः दिलेला आहे. मी सभेत भांडले.

"मॅडम, भांडता कशाला? वसंत वाचनोत्सव करा, सगळ्या वयोगटांसाठी," पालव साहेब म्हणाले. "समारोपाच्या दिवशी मी स्वतः त्या खोलीत डोकावणार. कोणी मनापासून वाचताना दिसलं, तर खोली तुमची. नाही दिसलं, तर मी माप घ्यायला माणूस आणणार."

मी हो म्हटलं. आमची कार्यकारिणी कार्यक्रम कसे करते हे ठाऊक असून हो म्हटलं, म्हणजे मूर्खपणात माझाही वाटा आहेच.

*

उद्‌घाटनाला गोष्ट सांगायला वडाळ्याहून एक बाई आल्या होत्या. चाळीस मुलं सतरंजीवर बसून वाट बघत होती. आधी सत्कार. कार्यकारिणीचे अकरा सभासद, म्हणून अकरा सत्कार. शाल मात्र एक आणि नारळही एकच. ही आमची जुनी पद्धत आहे. सत्कारमूर्ती स्टेजच्या डाव्या बाजूने उतरायची, तिथे आमच्या शिपाई रेडकरबाई शाल-नारळ काढून घ्यायच्या, घडी घालायच्या आणि मागून फिरून उजवीकडे पोचवायच्या.

सातव्या सत्काराला रेडकरबाईंना धाप लागली. त्यांनी घडी घालणं सोडून दिलं.

सत्कार संपून भाषणं झाली, तोवर निम्मी मुलं उठून गेली होती. गोष्टवाल्या बाई माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "एक होता राजा." लगेच कार्यवाहांनी घड्याळ बघितलं आणि आभारप्रदर्शन सुरू केलं.

त्या बाई जाताना मला म्हणाल्या, "राजा सुटला बिचारा."

*

दुसरा कार्यक्रम तीन वर्षांखालच्या बाळांचा. चित्रांची पुस्तकं हाताळायची, आयांनी मोठ्याने वाचायचं, एवढंच. लालबागला वसंत आला हे मिरचीवरून कळतं. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या मसाला कुटणाऱ्या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि आम्हाला श्वास घेता येत नाही. वाचन सुरू झालं आणि पाच मिनिटांत बावीस बाळं एकदम शिंकली. चित्रातला हत्ती भिजला.

एक आई मात्र डोळे पुसत टेबलापाशी आली. मला वाटलं, खिडक्या लावा म्हणणार.

"मॅडम, सर्टिफिकेट मिळणार ना?"

"कसलं?"

"पार्टिसिपेशनचं. फाइलला लावायचंय." मुलगी आठ महिन्यांची होती.

*

तरुणांसाठी परिसंवाद ठेवला, 'तरुण वाचत का नाहीत?' वक्ते तीन, तिघेही साठीच्या पुढचे. श्रोते मिळेनात, म्हणून कार्यवाहांनी तो सरळ अभ्यासिकेतच भरवला. तिथे स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी सकाळपासून मान खाली घालून बसलेली असतात. पहिल्या वक्त्यांनी आवाज चढवला, "आजच्या पिढीच्या हातातून पुस्तक सुटलंय!"

मागच्या टेबलावरची एक मुलगी उठली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, थोडं हळू बोलाल का? आम्ही वाचतोय."

*

ज्येष्ठांसाठी मोबाईल शिकवणी होती. इथे आमचा पेपर-दरबार सांगायला हवा. रोज सकाळी आठ-दहा आजोबा येतात आणि पेपरची पानं सुटी करून वाटून घेतात. टिपणीस काकांकडे पहिलं पान. ते गोदीतल्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, त्यामुळे पहिलं पान आपलंच असं त्यांना वाटतं. शेवटचं पान आप्पा पालवांकडे. आप्पा म्हणजे आमच्या अध्यक्षांचे वडील, गिरणीतले जुने कामगार. खेळाडूंचे फोटो असलेलं ते पान आप्पांनी एकदा धरलं की दीड तास सोडत नाहीत.

"आप्पा, छापणाऱ्यालाही एवढा वेळ लागला नसेल," टिपणीस काका करवादायचे.

"तुमका कसली घाई आसा?" आप्पा पानावरून नजर न काढता विचारायचे.

शिकवणीचं फळ म्हणून ज्येष्ठांचा वॉट्सॅप ग्रुप निघाला. आप्पा त्यावर कधी एक अक्षर लिहीत नसत. काहीही आलं की अंगठा पाठवायचे. गुढीपाडव्याच्या शुभेच्छांना अंगठा. वाचनालय सोमवारी बंद, त्याला अंगठा. एकदा टिपणीस काकांनी कळवलं की समोरच्या बिल्डिंगमधले सामंत रात्री गेले. आप्पांचा अंगठा!

टिपणीस काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आप्पांना कारणच कळेना. मलाही ते तेव्हा फक्त विनोदी वाटलं होतं.

*

आता समारोप.

समारोपाला मुलांची वाचन स्पर्धा होती. तारीख कार्यकारिणीने एकमताने ठरवली, मे महिन्याचा पहिला रविवार. परीक्षा संपल्या की लालबागची पोरं कोकणात असतात, हे अकरापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अकराच्या अकरा कोकणातले! त्यातले चार तर स्वतःच त्या दिवशी गावाला होते. मी हरकत घेतली तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या.

एकही स्पर्धक आला नाही. मी तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. लाल खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला खरंच रडू येत होतं.

मोठ्या हॉलमध्ये मात्र गर्दी होती, कारण सत्कार होते. पालव साहेबांनी यंदा नवीन पुरस्कार काढला होता, 'आदर्श वाचक'. तो कोणाला, यावर चर्चा झालीच नाही. वीस वर्षं रोज वाचनालयात येणारा माणूस म्हणजे आप्पा. साहेबांनी वडिलांसाठी मानपत्र लिहून घेतलं होतं आणि ते आप्पांनीच माइकवर वाचून दाखवायचं होतं.

पाच वाजता साहेब माप घेणाऱ्या टेपवाल्याला घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "चला मॅडम. शब्द म्हणजे शब्द."

मी बालविभागाचं दार ढकललं.

कोपऱ्यातल्या बुटक्या लाल खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, आप्पा बसले होते. सत्काराचा नवा सदरा, मांडीवर ते मानपत्र उपडं पडलेलं, हातात मोठ्या अक्षरांचं सशाचं पुस्तक. शेजारी रेडकरबाईंची तिसरीतली नात स्वरा. गावच्या गाडीचं तिकीट वेटिंगवर राहिलं, म्हणून ती मुंबईत अडकलेली. आप्पांचं बोट एका ओळीवर होतं आणि ओठ हलत होते. ते बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला बराच वेळ घेत होतं.

"आप्पा, इथे काय करताय?" साहेब म्हणाले. "चला, तुमचं नाव पुकारतायत."

"थांब रे," आप्पा मान वर न करता म्हणाले. "ससो अजून घराक पोचूक नाय."

"अहो आप्पा, लोक..."

"काका, मध्ये बोलू नका ना," स्वरा वैतागली. "मग आजोबांना परत पहिल्या अक्षरापासून लावावं लागतं."

 साहेबांनी ते उपडं मानपत्र पाहिलं, मग वडिलांच्या बोटाकडे पाहिलं. ते बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं होतं.

टेपवाल्याने पट्टी सर्रकन बाहेर ओढली. "साहेब, लांबी आधी घेऊ की रुंदी?"

"हळू बोल," साहेब म्हणाले. "आप्पा वाचतायत."

आणि ते समोरच्या बुटक्या लाल खुर्चीवर बसले. हॉलमधून माइकचा आवाज येत होता, "आदर्श वाचक श्रीयुत पालव, जिथे असतील तिथून त्यांनी व्यासपीठावर यावं." तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा रेडकरबाई शाल-नारळ घेऊन दाराशी आल्या. साहेबांनी त्यांना हातानेच परत पाठवलं.