फकिराच्या घरचा ऊद

ये गं, अशी जवळ बस. एकाच शहरात कुकटपल्लीहून विद्यानगरला यायला सणच लागतो होय तुला? माझी नात म्हणवतेस, आणि आजीचं गाव कुठलं विचारलं तर "महाराष्ट्राकडं कुठंतरी" म्हणतेस! ऐक मग.

"कुलरवाला आला वाटतं. ए, मागच्या दारानं ये!"

भर सभेत आमच्या गावच्या कासमचाचांना असं म्हणाल्या एक बाई. चाचा पांढराशुभ्र सदरा घालून आले होते. मीच बोलावलं होतं.

इथं कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्यानं आल्या तेव्हाचं हे. पुण्या-मुंबईची मंडळी आली, आणि वर्षानुवर्षं इथं राहिलेल्या आम्हाला मराठीपण शिकवायला लागली. हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, 'आपल्या गावांचा वारसा'. ह्या बाई त्यातल्या पुढारी. नवरा मोठा साहेब. आठवडाभर माझ्याकडून गाव उतरवून घेतलं त्यांनी. आमचं गाव सीमेवरचं. ओढ्याअलीकडं मराठी, पलीकडं तेलुगू, वेशीला कानडी विणकर, आणि फकिराचं एक घर. देवीची पालखी निघायची तर आधी त्या घरच्या माणसानं ऊद फिरवायचा. त्याशिवाय भोई खांदा देत नाहीत. तो मान कासमचाचांचा. जत्रेचा ऊद घ्यायला ते इथल्या अफझलगंजच्या बाजारात आले होते. मी हौसेनं म्हणाले, "चला चाचा, तुमच्या घराचं नाव घेणार आहेत."

आणि मी कुठं होते? चहाच्या किटलीवर. "मावशी, तुमची भाषा स्टेजवर चालायची नाही. तुम्ही चहाचं बघा." बघितलं की! लाज वाटायची सोडून किटली घासून चकचकीत केली मी. थू.

बाईंनी वाचलं, "परक्यांच्या गर्दीत या गावानं आपली संस्कृती निर्मळ राखली." कागदावरून फकीर गेला. तेलुगू गेले. विणकरही गेले. मी पुढं जाऊन हळूच म्हणाले, "बाई, उदाचं राहिलं."

"गाळलंय ते. वारसा कसा, स्वच्छ हवा."

स्वच्छ! फ्लॅटच्या भिंतींचा रंग वाळला नव्हता अजून, आणि आमच्या गावावर झाडू फिरवायला निघाली.

चाचा चपलांजवळ उभे होते. म्हणाले, "जाऊ दे बेटी. निघतो मी."

ते 'जाऊ दे' झोंबलं मला. ज्यांच्यासाठी देवी थांबते, ते दाराशी उभे. आणि मी कप भरतेय!

स्टेजवर चढले. "हा कागद खोटा हाय. मान ह्या माणसाचा हाय. ह्यांच्या उदाबिगर आमची देवी जागची हलत नाही."

कुणीतरी माईक बंद केला. करू दे. ओढ्यापल्याडच्या बायांना हाका मारून पिकलेला गळा माझा. निम्मा हॉल उठून गेला, पुढच्या खुर्च्या फिदीफिदी हसल्या. मी सगळं सांगूनच खाली उतरले.

पुढच्या वर्षी त्याच बाई दारात. "मावशी, स्मरणिकेला पालखीचा जुना फोटो द्याल?"

"कासमचाचांसकट छापाल?"

"जागा बघावी लागेल हो."

दार लावून घेतलं.

तेव्हापासून वहीत लिहिते मी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं दुकानांच्या हिंदी पाट्यांवरून शिकले. गाव सांगीन तर सगळं सांगीन. अर्धं मागणाऱ्याला माझ्याकडून एक अक्षर मिळायचं नाही. सख्ख्या नातीलाही नाही.

तुला मराठी वाचता येत नाही ना धड? मी वाचून दाखवीन. पण मधेच घड्याळ बघून उठायचं नाही, एवढा वेळ घेऊन ये. आणि लवकर ये.