मायनं अंगठ्यानं ओळखलेला वारा

दहावीला असताना मी वाऱ्यापायी वेडी झाले होते, आणि त्याचा सगळा दोष आमच्या विज्ञानाच्या बाईंचा. त्यांनी वर्गात सांगितलं, परदेशात कुठेतरी चक्क समुद्रात पवनचक्क्या रोवल्यात. तिथं वाऱ्याला आडवं यायला घर नाही की झाड नाही. कुणाची शेतजमीन जात नाही, धूर नाही, शिवाय किनाऱ्यावरच्या माणसांना कामं मिळतात. मी बाकावरून उडालेच! सुरतेला समुद्र आहे आणि सुरतेतल्याच आमच्या उधन्यात रोज लाइट जाते, अजून काय पाहिजे?

लाइट गेली की आमचं घर अडायचं. माय घरातच मशीनवर बॉबिन भरायची, म्हणजे मागाला लागणारा धागा छोट्या नळीवर गुंडाळायची, आणि ते मशीन विजेवरचं. माझी दहावी झाली की शेजारी दुसरं मशीन मांडायचं आणि त्यावर मी बसायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. मला तर अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. विषय काढला की ती म्हणायची, शिकून काय दिवे लावणार आहेस? मी म्हणायचे, तेच लावणार आहे. मग पाठीत धपाटा.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पवनचक्की केली. वारा मोजायचं यंत्र आणायचं कुठून? मी पात्यांच्या दांड्यावर मायची रिकामी बॉबिन बसवली. वाऱ्यानं बॉबिन फिरणार, धागा गुंडाळणार. दहा मिनिटांत जितका धागा, तितका वारा. आमच्या गल्लीत जेमतेम चार वेढे पडले. गच्चीवर थोडे जास्त. मग मी जाहीर केलं, आता डुमसचा समुद्र.

लाइटच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून एकदा दिवसभर वीज बंद असायची तेव्हा, आम्ही दोघी निघालो. माय आली ती माझ्यासाठी नाही हं, धाग्यासाठी. पोरगी सगळा धागा नासवेल ही तिला धास्ती. डुमसच्या वाळूत बांबू रोवला. वारा आला की चक्की भिरभिर, गेला की ढिम्म, आणि जोराचा झोत आला की धागा तुटलाच. मी मारलेली गाठ दर वेळी सुटायची. शेवटी माय चिडली, धागा माझ्या हातातून हिसकून घेतला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून मोकळी झाली.

किनाऱ्यावरचा वारा असा लहरी, म्हणून मला आत समुद्रात जाऊन मोजायचं होतं, आणि गाठींसाठी होडीतही तिलाच न्यावं लागलं. खानदेशातून आलेली बाई, पाण्याला घाबरणारी! एका मच्छीमार काकांना मी एवढी गळ घातली की त्यांनी आम्हाला आत नेऊन नांगर टाकला. मायनं एका हातानं होडीची कड धरली होती आणि दुसऱ्या हातानं मला. काका गुजरातीत तिला धीर देत होते, ती ऐकत नव्हती.

आणि काय वारा सांगू तो! चक्की थांबायचं नाव घेईना. बॉबिन डोळ्यांदेखत फुगत गेली, धागा एकदाही तुटला नाही. मी आनंदानं नाचायला लागले तशी मायनं मला खाली बसवलं.

मग तिनं होडीची कड सोडली. वाळूवरची बॉबिन आणि ही बॉबिन, दोन्ही हातात घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिल्या. पहिलीचा एक थर ढिला, एक घट्ट. दुसरी खालपासून वरपर्यंत एकसारखी. या वाऱ्याचा हात बसलेला आहे, ती म्हणाली. मी चाटच पडले. मी नुसता धागा किती तेवढंच मोजत होते. समुद्रातला वारा जास्त तर असतोच, पण एकसारखा वाहतो आणि विजेला तोच हवा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"हे तुमच्या पुस्तकात आहे?" तिनं विचारलं.

"आमच्यात नाही. पुढच्यात असेल."

"अकरावीच्या?"

"अकरावीच्या, बारावीच्या, त्याच्याही पुढच्या."

तिनं बॉबिनवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग बॉबिन माझ्या हातात देऊन ती अहिराणीत म्हणाली, "मंग तू शिक, बेटा. दुसरं मशीन नको. बॉबिना मी भरसू."