नुसत्या पाण्याने धुतलेले हात

आमच्या कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या लायब्ररीत दर महिन्याला वसईकडची एक बाई मुलांना जिवंत प्राणी दाखवायला यायची. डबा उघडण्याआधी झाकणावर टकटक करून आतल्या प्राण्याला विचारायची, "येऊ का रे?" मुलं खिदळायची. मला मात्र दरवेळी बजावायची, "दादा, मुलांचे हात नुसत्या पाण्याने धुवा हां. बेडूक कातडीने पितो. हाताला असेल ते सगळं त्याच्या अंगात जातं."

एकदा तीस मुलं आली आणि सिंक एकच. रांग सरकेना, म्हणून मी दारातच सगळ्यांच्या हातांवर सॅनिटायझर ओतलं. मुलांनी बेडकाला आळीपाळीने गोंजारलं.

पुढच्या महिन्यात ती बेडकाविनाच आली. "दुसऱ्या दिवशीच गेला," ती म्हणाली. "दादा, हात पाण्यानेच धुतले होते ना?"

"हो, पाण्यानेच," मी म्हणालो.

तिने मान डोलवली. पुन्हा विचारलं नाही.

"व्हेअर इज द फ्रॉग?" एका मुलीने विचारलं.

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "ही डाइड, बाळा. माय मिस्टेक."

मी खुर्च्या मांडत होतो. मांडतच राहिलो.