दार पूर्वेलाच पाहिजे!

आमच्या घराचा पोर्च मी स्वतःच्या हातांनी बंद केला, आणि तो खरोखरच बंद झाला.

तेव्हा आम्ही शिरड शहापूरला राहत होतो. दोन हजार साल उलटून गेलं होतं. जीप विकल्यामुळे पोर्च रिकामा पडला होता. वर स्लॅब, खाली चार खांब, मध्ये नुसती हवा. अशात माझ्या नणंदेला, रेखाला, बघायला पुसेगावहून पाहुणे येणार असं ठरलं. आधीचं एक चांगलं स्थळ "घरात चार माणसं बसायला जागा न्हाई" म्हणून हातचं गेलं होतं. या वेळी पोर्चची बैठक करायची, असं मी जाहीर केलं. रेखा माझ्याकडे मोठ्या आशेने बघू लागली. (बिचारी!)

मी कामाची बाई. पत्रे, पाइप, नटबोल्ट, पडदे, सगळं आधी कागदावर उतरवलं. मिस्त्री कशाला? आपल्याला हात नाहीत का? ह्यांना ड्रिल मशीन आणायला पिटाळलं आणि पदर खोचला.

मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, एकच अट होती.

"दार दक्षिणेला नको. शुभ कामाला दक्षिणेतून माणूस येत न्हाई."

"पण मामंजी, रस्ता दक्षिणेलाच आहे. आजवर सगळे तिकडूनच येतात ना?"

"आजवर दार कुठं होतं? दार न्हाई तर दिशा न्हाई!"

वाद घालायला मला सवड नव्हती. मी चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. पश्चिमेला आमचं घर, उत्तरेला स्वयंपाकघराची भिंत, दक्षिणेला पत्रे. पूर्वेला कागद कोरा होता. म्हणून दार पूर्वेला!

पत्रे आधीच ठोकून झाले होते. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आम्ही आतूनच दाराची चौकट बसवली. दार बाहेर उघडणारं, कारण आत बैठकीला अडचण नको (ही माझी दूरदृष्टी). ह्यांनी कडी काढून दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि थांबलं.

"अगं, पुढं काटे हायेत."

"कसले काटे?"

"गयामावशीच्या कुंपणाचे!"

कुंपणापलीकडे शेजारच्या गयामावशींचं शेळ्यांचं वाडगं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नकाशात नव्हतं. त्यात भर म्हणजे, त्यांच्या शेळीने माझी जास्वंद खाल्ली तेव्हा मीच त्यांना गल्लीभर ऐकू जाईल असं सुनावलं होतं, "तुमची हद्द तुमची, आमची हद्द आमची!" तेव्हापासून बोलणं बंद.

"दक्षिणेचा पत्रा काढू," हे म्हणाले.

"खबरदार!" मामंजी गरजले.

"मग परसदारानं आणू पाव्हण्यांना."

"न्हाणीवरून? माझी वाळत घातलेली धोतरं बघायला येऊन राहिलेत का ते?"

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. पाहुणे आले! बाहेरून कुणीतरी म्हणालं, "घर तर हेच हाय. शिरायचं कुठून?" आणि पत्र्यावर टकटक झाली. ह्यांनीही आतून टकटक केली. (काहून, ते आजही त्यांना सांगता येत नाही.)

आणि मग गयामावशींचा खणखणीत आवाज आला. "इकडून या, पाव्हणं! ह्यांचं दार माझ्या वाडग्यातून हाय!"

त्यांनी काट्यांची फांदी ओढून बाजूला केली, तसं आमचं दार आणखी थोडं उघडलं. पण पाहुणे आत येतील तर शपथ! मुलाच्या वडिलांची स्वतःची शेळ्या-मेंढ्यांची दावण. ते मावशींच्या बाजेवर बसले आणि "ही गाभण हाय का हो?" असं विचारण्यात रमून गेले. शेवटी चहाच्या ट्रेसकट रेखालाच तिरकं करून बाहेर काढलं. मुलगी बघायचा कार्यक्रम लेंड्यांत सुरू झाला. एक करडू नवऱ्या मुलाचा रुमाल चघळू लागलं.

मग मुलाच्या आईने नेमका मला नको होता तोच प्रश्न विचारला. "मावशी, तुमी शेजारच्या. खरं सांगा, माणसं कशी हायेत ही? बराबर वागतेत का?"

मी दारात अडकलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर. तोंड लपवायचं तरी कुठे? गयामावशींनी माझ्याकडे सावकाश बघितलं.

"आता तुमीच बघा," त्या म्हणाल्या. "हद्द म्हणून ठेवली न्हाई यांनी. दारच माझ्या वाडग्यात काढलं! आपलं समजल्याबिगर कोण काढतंय?"

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

होकार तिथेच मिळाला. मी अंग चोरत बाहेर निघाले आणि मावशींच्या पायाशी वाकले. "ऊठ, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "लाजायचं ते उद्या लाज. आज पाव्हण्यांना गोड खाऊ घाल."

पेढे खायला पाहुणे शेवटी बैठकीत आले, एकेक करून, पोट आत घेऊन.

"घरच्या घरी केलं? काम मजबूत दिसून राहिलं!" म्हणत मुलाच्या वडिलांनी दक्षिणेच्या पत्र्यावर कौतुकाने थाप मारली. तिथले बोल्ट मी स्वतः आवळले होते. पत्रा क्षणभर विचारात पडला, मग शेजारच्या पत्र्याला सोबत घेऊन रस्त्यावर आडवा झाला. धडाम!

समोर पाहुण्यांची गाडी उभी होती. सगळे मामंजींकडे बघू लागले.

"जाताना चालतं," मामंजी घाईघाईने म्हणाले.

पाहुणे हसत हसत सरळ चालत जाऊन गाडीत बसले. मी केलेल्या दोन दारांपैकी पूर्ण उघडलं ते हे एकच!